पेठेत आलेला बेटावरचा देव

१२ एप्रिल २००३, शनिवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. माझ्या मामाने दोरी ओढली, ताडपत्री खाली घसरली, आणि समोर उभ्या असलेल्या डझनभर बाप्यांनी हातातले पेले एकाच क्षणी पाठीमागे नेले. इतका एकसमयी प्रतिसाद मी अकरावीच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या स्नायूंतही पाहिला नव्हता. एकाने तोंडातला गुटखा गिळला. दुसऱ्याने चपला काढल्या.

निरीक्षण आधी आणि कारणमीमांसा नंतर, हा क्रम मला शिकवलेला आहे; तेव्हा आता कारणमीमांसा.

मामा चौदा वर्षे प्रवासी जहाजावर होता. त्या जहाजाच्या वरच्या मजल्यावर एक टिकी बार होता आणि मामा तिथे पेये मिसळत असे. टिकी म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे डोळे वटारलेले लाकडी देव. आणि टिकी बार म्हणजे ती बेटे न पाहिलेल्या लोकांनी, ती बेटे न पाहिलेल्या लोकांसाठी, बांबू, गवत आणि तसले मुखवटे लावून उभे केलेले मद्यगृह. तिथे रममध्ये फळांचे रस मिसळतात आणि नारळाच्या करवंटीतून देतात. मामाच्या मते ही मानवी संस्कृतीची सर्वोच्च पायरी होती आणि कोल्हापूर तिच्यापासून विनाकारण वंचित राहिले होते.

म्हणून त्याने आमच्या पेठेतली एक बंद पडलेली लेथची शेड घेतली. शिरोळहून उसाचा पाला आणून छताला बांधला, राधानगरीकडचे बांबू उभे केले, परवाना मिळवला आणि रविवारचा मुहूर्त धरला. या सगळ्यामागे एक निकड होती. मुंबईचा एजंट दर आठवड्याला फोन करून, महिनाअखेर जहाजावर परत येता का, असे विचारत होता. बार चालला तर मामा घरी राहणार होता. न चालला तर पुन्हा समुद्रावर. यावर मामीने आपले मत एकदाच, पण पुरेशा मोठ्या आवाजात, नोंदवले होते.

"ह्या खेपेला गेलासा तर येताना बायको पण तिकडनंच आणा. मी दार उघडायचो न्हाय."

आमच्याकडच्या बऱ्याच बायकांप्रमाणे मामी स्वतःविषयी पुरुषासारखी बोलते. धमकी देताना तर हे फारच शोभून दिसते.

माझे पद शास्त्रीय सल्लागाराचे होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी.चे दुसरे वर्ष संपत आले होते, पुढे पीएच.डी. करायची हे मी ठरवले होते, आणि घरात ते मी सोडून कोणीही ठरवलेले नव्हते. अशा काळात कोणी गांभीर्याने सल्ला मागितला की माणूस मद्यगृहालाही देतो. जहाजावर वापरतात ते पाक इथे मिळणार नव्हते. मी गुळाचा पाक केला, त्यात अननस, लिंबू आणि शहाळ्याचे पाणी यांची प्रमाणे बदलून सहा नमुने तयार केले आणि चाचणीसाठी कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला बोलावले. पेठेत त्याच्या जिभेवर सगळ्यांचा विश्वास; दुधातले पाणी तो वासावर ओळखत असे, विशेषतः दुसऱ्याच्या दुधातले.

त्याने पहिला नमुना घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ताई, सर्दीवर बेस्ट हाय."

दुसऱ्यात मी आले वाढवले. "आता खोकल्यावर."

चौथ्यात मिरी घातली आणि करवंटीच्या कडेला लवंगी मिरचीचे तिखट लावले. त्याने घोट घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि मामाकडे वळून म्हणाला, "आता कसं जरा माणसात आलं. पर संगट काय? नुसतं पाणी पाजून मारतोस काय पावण्यांस्नी?"

संगट सुके मटण ठरले. प्रशांत महासागर तिथेच पुरेसा आटला होता. पण मामाने एका गोष्टीवर हट्ट सोडला नाही. शेडच्या मधोमध टिकी देवाचा खांब पाहिजे.

तो करायचे काम पेठेतल्या सुताराकडे गेले. माणूस कसबी, पण त्याची एक अट असे: समोर नमुना ठेवल्याशिवाय तो पटाशीला हात लावत नसे. मामाने जहाजावरून आणलेली एक जाड कागदाची चकती त्याला दिली. तिच्यावर टिकीचे चित्र होते. मुळात ती चकती पेल्याखाली ठेवायची असल्यामुळे सुताराने तिच्यावर चहाचा पेला ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत देवाच्या जागी एक तपकिरी वर्तुळ उरले. मामा तेव्हा परवान्याच्या कामाला निघालेला. जाता जाता त्याने तोंडी वर्णन सांगितले, ते मी स्वतः ऐकले आहे.

"डोळं वटारलेलं. कपाळाला आठ्या. खालचा ओठ असा म्होरं. आनि चेहरा असा की नुसता बघितला तरी मानूस गप झाला पायजे."

सुताराने मान डोलावली. जांभळाचा ओंडका शेडमध्ये आला, जुन्या लेथच्या पायाला जे चार बोल्ट होते त्यांच्यावर लोखंडी पट्टी टाकून उभा बसवला गेला, आणि भोवती ताडपत्री लागली. काम उभ्या ओंडक्यावर चालले. डोळे उघडेपर्यंत कोणी बघायचे नाही, असे सुताराने बजावले होते. गणपतीच्या मूर्तीला लागू असलेला नियम त्याने इमानाने इथेही लावला.

आता ती ताडपत्री पडली होती, आणि समोर आमच्या पेठेच्या तालमीचे वस्ताद उभे होते, जांभळाच्या लाकडाचे.

वस्ताद म्हणजे पेठेतल्या तीन पिढ्यांना मातीत लोळवून माणसे करणारा, सत्तरीचा, दारूच्या वासालाही न जाणारा पहिलवान. त्यांच्यापुढे पेठेतले आजोबासुद्धा विडी विझवत. आणि इथे कोणतेही नवे दुकान, मग ते औषधाचे असो वा केस कापायचे, वस्तादांनी उंबऱ्यावर नारळ फोडल्याशिवाय उघडत नसे. नारळाविना उघडलेले एक झेरॉक्सचे दुकान पेठेने इतक्या शांतपणे विसरून दाखवले होते की शेवटी मालकही विसरला. मामाने नारळासाठी विचारले तेव्हा वस्ताद "बघतो" एवढेच म्हणाले होते. त्यांचे बघणे आता दोन बाजूंनी होणार होते.

मामाने पहिला प्रश्न सुताराला विचारला. "हे काय केलंस रं?"

"तुम्हीच सांगितलासा की," सुतार म्हणाला. "बघितलं की मानूस गप झाला पायजे. मी लई इचार केला. उभ्या जन्मात मला गप केलेलं त्वांड एकच."

हा युक्तिवाद निर्दोष होता. मी तरीही खात्री केली. तळहाताने खांबावरच्या चेहऱ्याचा एकेक भाग झाकून पाहिला. कपाळ झाकले, वस्ताद राहिले. डोळे झाकले, वस्ताद डुलकी घेत असल्यासारखे राहिले. खालचा ओठ झाकला आणि साम्य नाहीसे झाले. उरला एक सामान्य, थोडासा दुखावलेला देव. निष्कर्ष स्पष्ट होता. मी मामाला सांगितले की ओठ अर्धा इंच मागे घेतला की प्रश्न मिटतो.

सुताराने पटाशी पिशवीत टाकली. "वस्तादांच्या तोंडावर हत्यार चालवू? हात झडतील माझं."

"अरे, ते वस्ताद न्हाईत, लाकूड हाय!" मामा ओरडला.

"मग तुमी चालवा."

मामाने पटाशी घेतली, खांबापुढे उभा राहिला, ते डोळे पाहिले आणि पटाशी पुन्हा पिशवीत ठेवली. लहानपणी दोन वर्षे तो तालमीत जात असे.

दुसरा पर्याय खांब बाहेर काढण्याचा. खांब सात फूट, दार सहा. म्हणजे आडवा करावा लागणार. एवढे मी बोलले मात्र, शेडमध्ये अशी कुजबुज झाली की मी काहीतरी अश्लील उच्चारले असावे. डेअरीवाल्याने मला हळू आवाजात समजावले, "ताई, वस्तादांची पाठ अजून कुनी जमिनीला लावलेली न्हाय. पंजाबच्या पैलवानाला जमलं न्हाय. आनि आमी धा जन मिळून त्यास्नी उतानं करू व्हय, दारूच्या दुकानात?"

तिसरा पर्याय, गोणपाट टाकून चेहरा झाकणे, अमलात आला. पण तोंडावर गोणपाट आणि भोवती दोरी अशा अवस्थेत वस्ताद कळंब्याच्या जेलमध्ये नेत असलेल्या आरोपीसारखे दिसू लागले. ते पाहून एक जण हसला, आणि त्या हसण्याला घाबरून बाकीच्यांनी गोणपाट ओढून काढले.

परिस्थितीचे सार असे होते. साम्य ठेवणे हा अपमान होता. ते काढणे हा त्याहून मोठा अपमान होता. आणि कोणी काहीच बोलले नाही तरी या खांबासमोर पेठेतला एकही माणूस पेला ओठाला लावणार नव्हता. मी सहज म्हणून पाहुण्यांना चौथा नमुना पुन्हा देऊ केला. सगळ्यांना अचानक ॲसिडिटी होती. चपला काढलेल्या माणसाने तर जाताना खांबाला वाकून नमस्कार केला आणि मग भानावर येऊन, माझी बुटाची नाडी सुटली होती, असे मला सांगितले. तो अनवाणी होता.

मामाने मद्यगृह उभारले होते आणि त्यात शहरातला सर्वांत परिणामकारक दारूबंदी अधिकारी बोल्टने बसवला होता.

घरी मामीने सगळे ऐकून घेतले. मग फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "एजंटाला करू नगा. करायचा झाला तर मी बोलतो त्येच्याशी." चौदा वर्षांत मामाच्या मुलीच्या बारशापासून सातवीच्या निकालापर्यंतचे सगळे त्याला फोटोतून कळले होते. तो जेवताना तिच्या वेण्यांकडे बघत होता. मला त्या क्षणी थट्टा सुचेना, आणि ती मला सहसा सुचते.

बातमी वस्तादांपर्यंत पोचायला रविवारची सकाळ लागली, तीही फक्त शनिवारी ते मारुतीच्या देवळात असतात म्हणून. सकाळी ते आले. एकटेच, धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. त्यांच्या मागे, बरोबर नाही, केवळ त्याच दिशेने काम निघाल्यामुळे, निम्मी पेठ आली आणि शेडच्या दाराशी थांबली. सुतार काउंटरच्या मागे खाली बसला. मामा पुढे झाला. मी शास्त्रीय सल्लागार म्हणून दोन पावले मागे उभी राहिले; सल्लागाराने तिथेच उभे राहायचे असते.

वस्ताद खांबासमोर उभे राहिले. दोन्ही खालचे ओठ सारखेच पुढे आले होते.

"कोन म्हनायचं हे?" त्यांनी विचारले.

"वस्ताद, ह्यो बेटावरला देव हाय," मामा म्हणाला. "लई लांबचा. समुद्राच्या पल्याडचा."

"देव?"

"व्हय की."

"मग सकाळधरनं पेठ मला बघून का हसालीय?"

दाराशी उभ्या असलेल्या पेठेने ताबडतोब हसणे थांबवले. ते खरे तर सुरूही झालेले नव्हते.

वस्तादांनी खांबाला एक प्रदक्षिणा घातली. कपाळाच्या आठ्यांवरून अंगठा फिरवला. छातीच्या जागी काठीने ठोकून पाहिले. आता काठी मामाच्या पाठीत बसणार की माझ्या बाटल्यांवर, याचा अंदाज मी बांधत होते. एवढ्यात त्यांनी वाकून खांबाच्या डोक्याची बाजू पाहिली आणि शेड हादरेल अशा आवाजात ओरडले.

"हे कान कुनाचं रं?"

काउंटरमागे पटाशीची पिशवी खुळखुळली.

"भाईर ये! तू हायस ते ठावं हाय मला. ल्हानपनी तालमीत बी असाच भांड्याच्या कपाटामागं लपत हुतास."

सुतार बाहेर आला.

"हे कान बघ," वस्ताद म्हणाले. "पातळ. पाकळीगत. हे काय पैलवानाचं कान हायत? हे कारकुनाचं कान हायत! पन्नास वर्सं मातीत घासली, डोक्याला डोकं लावून झुंजलो, आनि तू मला कारकून करून हुबा केलास?"

खरोखरच. ज्यांना वस्तादांचे कान ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते: कुस्तीत घासून, ठेचून, आत रक्त साकळून वरची कड आणि पाळी एकत्र गोळा झालेली, सुकलेल्या अंजिरासारखे दोन गड्डे. पहिलवानाच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या नसतात, त्या डोक्याच्या दोन बाजूंना असतात. सुताराने ओठ, डोळे, आठ्या सगळे आठवणीतून बिनचूक उतरवले होते. पण वस्तादांच्या कानांकडे बघायची हिंमत पेठेत कोणी केलेली नव्हती, कारण वस्तादांसमोर सगळे मान खाली घालून उभे असत.

"संध्याकाळपातुर कान कर," वस्ताद म्हणाले. "न्हाईतर नारळ न्हाय."

मामाला हे वाक्य कळायला काही क्षण लागले. मलाही. त्या वाक्यात एक मोठा होकार नकाराच्या कपड्यांत उभा होता.

"पर वस्ताद," मामा चाचरत म्हणाला, "हितं लोकं... म्हंजे... पिनार. तुमच्या म्होरं..."

"माझ्या म्होरं? कुनाची छाती हाय?" त्यांनी दाराकडे पाहिले. पेठ छातीसकट एक पाऊल मागे सरकली. वस्तादांनी थोडा विचार केला. "माझं त्वांड रस्त्याकडं करा. आत पाठ ऱ्हाऊ दे. ही पाठ मातीला लागलेली न्हाय अजून. ती बघत प्या म्हनावं. म्हंजे कुनी लई घेऊन मातीला लागायचं न्हाय."

चार नट सैल झाले, तालमीतली सहा पोरे लागली, आणि खांब उभ्याचा उभा अर्धा फिरला. या फिरवण्याला क्रेन लागेल असा माझा अंदाज होता. तो मी मोठ्याने बोलले नव्हते हे बरे. वस्तादांसाठी मी रम वगळून पाचवा नमुना केला. त्यांनी करवंटी रिकामी केली, "थंडाई बरी," म्हणाले आणि दुसरी मागितली.

अडचण पुढे आली. सुताराला नमुना समोर पाहिजे, आणि कान गड्ड्याचा असल्यामुळे नुसत्या नजरेने जाडी कळेना. हात लावून बघावे लागणार होते. ज्या माणसाने आयुष्यभर आपला कान पिरगाळला त्याचा कान चिमटीत धरायचा, या कल्पनेने सुताराने दोन्ही हात खिशात घातले. मामाने छत न्याहाळायला सुरुवात केली. डेअरीवाल्याला दूध आठवले.

मी घरी जाऊन वडिलांचा व्हर्निअर कॅलिपर घेऊन आले. वडील वर्कशॉपमध्ये टर्नर होते, आणि पन्नासाव्या भागापर्यंत मिलिमीटर मोजणारे ते उपकरण त्यांनी मला दहावीनंतर वापरायला शिकवले होते. वस्ताद लाकडी बाकावर बसले. मी समोर उपकरण धरले तेव्हा त्यांनी विचारले, "दुखंल व्हय?"

"नाही, वस्ताद. फक्त हलू नका."

"पोरी, मला हलवायला लोकं पंजाबास्नं यायची."

आणि त्यांनी मान खाली घातली. पेठेने त्यांची मान खाली गेलेली पहिल्यांदा पाहिली. दाराशी कोणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. मी वहीची वाट न पाहता आकडे तळहातावर पेनने लिहिले. उजवा कान, जाडी: १७.८२. डावा कान, जाडी: १८.४६. डावा जास्त का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "डावीकडनं घुसायचो मी." कार्य आणि रचना यांचा इतका सुबक संबंध मला पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटला होता.

कानांच्या जागी जांभळाचेच दोन नवे तुकडे बसवून सुताराने दुपारभर काम केले. जेवणाच्या वेळी एजंटाचा फोन आला, तो मामीने उचलला. "हायत की," ती म्हणाली. "पर त्यास्नी सवड न्हाय. कान बसवायलेत." मग मामीने समाधानाने फोन ठेवला.

सात वाजता वस्ताद धुतलेला पटका बांधून आले. उंबऱ्यासमोर पाट, पाटावर दगड, हातात नारळ. आत गुळाचा पाक थंड होता, मटण गरम होते, आणि बाहेर आदल्या दिवशीचे सगळे ॲसिडिटीवाले दाढ्या करून उभे होते. मामाच्या मुलीने नव्या फ्रॉकमध्ये बापाचे बोट धरले होते. वस्तादांनी नारळ उचलला, रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या स्वतःकडे पाहिले, आणि हात पुन्हा खाली आणला.

"बरोबर हायत न्हवं कान? पोरी, मोज."

सुतार मामाच्या मागे गेला. मामाने माझ्याकडे असे पाहिले की ते पाहणे मी इथे लिहिणार नाही.

मी खांबाजवळ गेले. व्हर्निअर डाव्या लाकडी कानाला लावला, पट्टीवरची रेघ जुळवली, डोळे जवळ नेऊन वाचली, उपकरण काढून पुन्हा लावले आणि पुन्हा वाचली. सुताराने भीतीपोटी म्हणा, भक्तीपोटी म्हणा, वस्तादांच्या खात्यात चांगली दहा-बारा वर्षांची जास्तीची कुस्ती जमा केली होती. मला पद्धतशीर त्रुटी, यादृच्छिक त्रुटी आणि त्यांतला फरक उत्तम ठाऊक होता. त्या वर्षीच्या परीक्षेत तो प्रश्न आलाही. मी मागे वळले, शास्त्राला शोभेल असा गंभीर चेहरा केला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तंतोतंत."

"मग!" वस्ताद म्हणाले, आणि नारळ एका फटक्यात दुभंगला. मामीने डोळ्याला पदर लावला आणि लगेच, मटण लागतंय म्हणून, आत पळाली. पेठ आत शिरली. प्रत्येक जण खांबासमोरून जाताना मान खाली घालत होता आणि त्याच्या पाठीशी पोचल्यावर करवंटी उचलत होता.

गर्दीत मी व्हर्निअर पदराआड पुसला, पेन काढले आणि तळहातावर सकाळच्या दोन आकड्यांखाली तिसरा लिहून मूठ मिटली: २१.०८.